तज्ज्ञांचंच एकमत नसेल तेव्हा धोका कसा जोखायचा? ग्लायफोसेटच्या वादावरून एक रीत

मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, ग्लायफोसेट हे तणनाशक 'माणसात बहुधा कर्करोगकारक' असल्याचं जाहीर केलं आणि त्याला २अ गटात टाकलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, एफ्साने, सांगितलं की यामुळे माणसाला कर्करोग होईल असं दिसत नाही. मे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या कीटकनाशक अवशेषांवरच्या संयुक्त बैठकीने निर्वाळा दिला की आहारातून पोटात जाणाऱ्या ग्लायफोसेटमुळे कर्करोगाचा धोका संभवत नाही. म्हणजे एकाच संघटनेच्या छपराखालून दोन उत्तरं आली.

इकडे विदर्भात चोरबीटी (मंजुरी नसलेली, तणनाशकाने न मरणारी जनुकबदल) कपाशी लावलेल्या शेतकऱ्याच्या पाठीवर पंप असतो आणि खिशातल्या फोनवर या दोन्ही बातम्या आलटून पालटून येत असतात. पुण्या-मुंबईत डाएट कोलाच्या कॅनमधल्या कृत्रिम गोडव्याबद्दल २०२३ मध्ये नेमकं असंच झालं. 'शास्त्रज्ञांचंच ठरत नाही, मग आपण काय ठरवणार' असं म्हणून बहुतेक जण सोडून देतात, किंवा आपल्याला सोयीचा शास्त्रज्ञ उचलतात. दोन्ही टाळता येतं. त्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. एक कागद, पेन आणि तासभर निवांतपणा पुरतो.

आधी स्वतःची तपासणी

आपल्याला वाटतं की आपण तज्ज्ञाचं ऐकून मत बनवतो. बऱ्याचदा मत आधीच बनलेलं असतं आणि तज्ज्ञ मागून शोधला जातो. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या डॅन काहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं. लोकांना काल्पनिक शास्त्रज्ञांची ओळख करून दिली. नामांकित विद्यापीठाची पदवी, प्राध्यापकी, विज्ञान अकादमीचं सदस्यत्व, सगळं भारदस्त. मग हवामानबदल, अणुकचरा किंवा शस्त्र बाळगण्याचे कायदे यांबद्दल त्याच शास्त्रज्ञाच्या तोंडी काहींसाठी एक मत घातलं आणि काहींसाठी उलटं. मत आपल्या गटाच्या कलाशी जुळलं की लोक म्हणाले, हा जाणकार आहे. नाही जुळलं की तोच माणूस, त्याच पदव्या, पण जाणकार नाही.

आपल्याकडे बियाण्यांच्या वादात हे रोज दिसतं. तंत्रज्ञान-स्वातंत्र्य मागणाऱ्या शेतकऱ्याला एफ्सा शहाणी वाटते, सेंद्रिय शेतीवाल्याला आयएआरसी. दोघांनीही मूळ अहवालाचं एक पान उघडलेलं नसतं.

म्हणून कागदावर पहिली ओळ अशी लिहा: 'या विषयात माझी इच्छा काय आहे? कोणतं उत्तर खरं निघालं तर माझं काम सोपं होईल?' निंदणीला बाया मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, म्हणून तणनाशक निर्धोक निघावं अशी इच्छा असणं यात पाप नाही. फक्त ती इच्छा लिहिलेली असावी, म्हणजे पुढे ती पुराव्याचा वेष घेऊन येणार नाही.

दुसरं, भीती कशाची वाटते ते बघा. धोक्याच्या मानसशास्त्रावर आयुष्यभर काम केलेल्या पॉल स्लोविक यांचं निरीक्षण आहे की अनोळखी, न दिसणारा आणि दुसऱ्याने लादलेला धोका आपल्याला मोठा वाटतो. ओळखीचा आणि स्वतःहून पत्करलेला लहान वाटतो. तोंडात खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) ठेवून ग्लायफोसेटच्या कर्करोगाबद्दल तावातावाने बोलणारा माणूस यवतमाळात कुठल्याही पानठेल्यावर भेटेल. सुपारी आणि तंबाखू दोन्ही आयएआरसीच्या पहिल्या गटात आहेत, म्हणजे कर्करोगकारक असल्याचं सिद्ध झालेल्या. त्यावर वाद नाही, म्हणून बातमी नाही.

मात्र लोकांच्या या भीतीला अडाणीपणा म्हणून उडवून लावणारे तज्ज्ञ मला पटत नाहीत. लादलेला धोका जास्त टोचतो, कारण त्यात अन्याय असतो. शेजाऱ्याच्या फवारणीचा वारा आपल्या अंगणात येतो तेव्हा प्रश्न निव्वळ मिलिग्रॅमचा राहत नाही.

पायरी १: दोघे एकाच प्रश्नाचं उत्तर देत आहेत का?

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. दोन्ही बाजूंचं नेमकं वाक्य शोधा आणि जसंच्या तसं लिहून काढा. बातमीचा मथळा नको, संस्थेचं स्वतःचं वाक्य हवं.

आयएआरसीचा प्रश्न असतो: हा पदार्थ कोणत्याही परिस्थितीत कर्करोग करू शकतो का, आणि त्याचा पुरावा किती भक्कम आहे? किती प्रमाणात गेल्यावर, किती जणांना, हे ती विचारतच नाही. त्यामुळे तिचे गट पुराव्याची ताकद सांगतात, पदार्थाची ताकद नाही. ६५ अंशांपेक्षा गरम पेय, रात्रपाळी आणि लाल मांस हे ग्लायफोसेटबरोबर २अ गटातच बसले आहेत. उघडी विहीर धोकादायक आहे हे आयएआरसी सांगते. कठडा आहे का, तिथे पोरं खेळतात का, हे बघणं तिच्या कामात येत नाही.

संयुक्त बैठकीचा प्रश्न होता: लोकांच्या जेवणातून जेवढं ग्लायफोसेट जातं, तेवढ्याने काय होईल? म्हणजे या दोन वाक्यांत विरोध नाहीच. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

इथपर्यंतचं स्पष्टीकरण बऱ्याच लेखांत मिळतं आणि वाचणारा निश्चिंत होतो. पण इथे थांबू नका. एफ्साने केवळ आहारातल्या प्रमाणाबद्दल म्हटलं नव्हतं. पदार्थाच्या मूळ गुणधर्माबद्दलच तिचं मत आयएआरसीपेक्षा वेगळं होतं. तो मतभेद खराखुरा आहे आणि तो प्रश्नाच्या फरकाने मिटत नाही. त्यासाठी पुढच्या पायरीवर जावं लागतं.

हीच पायरी दुसऱ्या वादांतही कामाला येते. पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये संपूर्ण घाटच तीन स्तरांत विभागून संवेदनशील मानला. कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये सुमारे ३७ टक्के क्षेत्र धरलं. एक खरा, एक खोटा असं भांडण आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललं. पण दुसऱ्या गटाने शेती, वस्ती, बागा असलेली जमीन आधीच बाजूला काढली होती आणि उरलेल्या नैसर्गिक भागातून मोजलं होतं. आकडा बदलला, कारण मोजायची जमीनच वेगळी होती.

पायरी २: कोणाच्या पुढ्यात कोणता पुरावा होता?

कागदाचे दोन रकाने करा. प्रत्येक बाजूने काय वाचलं आणि काय बाजूला ठेवलं ते लिहा.

आयएआरसीने फक्त प्रसिद्ध झालेला, कोणालाही वाचता येईल असा पुरावा घेतला. प्राण्यांवरचा पुरावा तिला पुरेसा वाटला आणि माणसांवरचा मर्यादित. तोही मुख्यतः नॉन-हॉजकिन लिम्फोमा या रक्ताच्या कर्करोगाबाबत. एफ्साने कंपन्यांनी नियमाप्रमाणे सादर केलेल्या, प्रसिद्ध न झालेल्या चाचण्याही धरल्या. शिवाय तिने मुख्यतः शुद्ध ग्लायफोसेट तपासलं. आयएआरसीने बाजारात मिळणाऱ्या तयार औषधांवरचे अभ्यासही बघितले.

हा दुसरा फरक शेतकऱ्याच्या थेट कामाचा आहे. बाटलीवर '४१ टक्के एसएल' (एसएल म्हणजे पाण्यात विरघळणारं द्रावण) लिहिलेलं असतं. उरलेल्यात पाणी आणि द्रावण पानाला चिकटावं म्हणून घातलेले पदार्थ असतात. त्यांपैकी टॅलोअमाइन नावाच्या एका पदार्थावर युरोपीय संघाने २०१६ मध्ये ग्लायफोसेटच्या उत्पादनांपुरती बंदी घातली. म्हणजे 'ग्लायफोसेट सुरक्षित आहे' हे वाक्य खरं धरलं तरी 'ही बाटली सुरक्षित आहे' असा त्याचा अर्थ होत नाही.

अभ्यास किती मोठा, हेही याच रकान्यात लिहा. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या एका चमूने जनुकबदल मका आणि ग्लायफोसेटयुक्त तणनाशक दिलेल्या उंदरांच्या अंगावरच्या मोठाल्या गाठींचे फोटो दाखवले आणि ते जगभर फिरले. प्रत्येक गटात दहाच उंदीर होते आणि जात अशी की वय वाढल्यावर तिला आपोआपच गाठी येतात. पुढच्या वर्षी त्या नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. उलट बाजूला अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनामधल्या ५४ हजारांहून अधिक परवानाधारक फवारणी करणाऱ्यांचा, सरकारी पैशातून चाललेला दीर्घ अभ्यास आहे. २०१८ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: ग्लायफोसेट आणि लिम्फोमा यांचा संबंध आढळला नाही. तो फोटो अजून व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. हा अभ्यास कोणी पाठवत नाही, त्यात फोटो नाहीत.

पायरी ३: टक्क्यांची माणसं करा

२०१९ मध्ये आणखी एक विश्लेषण आलं. त्यात वर सांगितलेला मोठा अभ्यासही धरला होता, पण प्रत्येक अभ्यासातून सर्वांत जास्त संपर्क आलेलाच गट निवडला होता. उत्तर आलं: लिम्फोमाचा धोका ४१ टक्क्यांनी जास्त. वर्तमानपत्रांनी ४१ उचललं.

टक्के दिसले की विचारा: कशाच्या ४१ टक्के? समजा एखाद्या आजाराचं प्रमाण आयुष्यभरात हजारात १० आहे (हा आकडा फक्त उदाहरणासाठी). ४१ टक्के वाढ म्हणजे हजारात १४. चार माणसं जास्त. हे शून्य नव्हे. ती चार माणसं कोणाची तरी आहेत. पण 'फवारणाऱ्या शंभरातल्या ४१ जणांना कर्करोग' असं जे वाचलं जातं, त्यापासून हे कोसभर लांब आहे.

आणि लक्षात घ्या, हा आकडा सर्वाधिक संपर्कवाल्यांचा होता. ज्यांनी तो काढला त्यांनी जाणूनबुजून तसं केलं: धोका असेलच तर तो तिथेच आधी दिसेल, हा त्यांचा युक्तिवाद होता. पटण्यासारखा आहे. फक्त वर्षातून एकदा बांधावर फवारणाऱ्याने तो स्वतःला लावून घेऊ नये.

पायरी ४: आपल्या अंगात नेमकं किती जातं?

हिशेब करायची सवय लागावी म्हणून कोलाचं उदाहरण सोपं आहे. जुलै २०२३ मध्ये आयएआरसीने अ‍ॅस्पारटेम हा कृत्रिम गोडवा २ब ('कदाचित कर्करोगकारक') गटात टाकला, आणि त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या, अन्नात मिसळल्या जाणाऱ्या पदार्थांवरच्या समितीने जुनीच मर्यादा कायम ठेवली: रोज शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅमपर्यंत. ७० किलोच्या माणसाला २८०० मिलिग्रॅम झाले. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम असेल तर दिवसाला ९ ते १४ कॅन. इतकं कोणी पीत नाही. पण हाच हिशेब २० किलोच्या मुलासाठी करा: ८०० मिलिग्रॅम, म्हणजे अडीच-तीन ते चार कॅन. एकच मर्यादा, एकच कॅन. घरातला माणूस बदलला की उत्तर बदललं.

ग्लायफोसेटलाही हेच लावा. रोजच्या आहारातली मर्यादा एफ्साने किलोमागे अर्धा मिलिग्रॅम धरली आहे, संयुक्त बैठकीने एक मिलिग्रॅम. दुपटीचा फरक आहे, पण जेवणातून जाणारं प्रमाण दोन्हींच्या खूपच खाली भरतं असं दोघांचेही हिशेब सांगतात. म्हणून शहरात बसून भाकरी खाणाऱ्याने यावर झोप घालवू नये.

फवारणाऱ्याचं तसं नाही. त्याचा संपर्क कुठे येतो ते बारकाईने बघा. पंपात भरताना बाटलीतलं घट्ट औषध झाकणाने मोजलं जातं आणि ते बोटांवरून ओघळतं. द्रावण पातळ व्हायच्या आधीचा हा क्षण सगळ्यात वाईट. मग टाकीचं झाकण नीट बसत नाही आणि पाठ भिजते. नोझलमध्ये कचरा अडकतो, तो तोंडाने फुंकला जातो. फवारलेल्या तणातून उघड्या पायांनी चालल्यावर पँट गुडघ्यापर्यंत ओली होते आणि तीच संध्याकाळपर्यंत अंगावर राहते. आहाराचा निर्वाळा या माणसाला लागूच होत नाही, कारण तो प्रश्न त्याच्याबद्दल विचारलेलाच नव्हता.

पायरी ५: पैसा कोणाचा?

हे बघायचं, पण इथेच बैठक मारायची नाही. तंबाखू उद्योगातल्या एका कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात लिहिलं होतं की 'शंका हाच आमचा माल आहे'. म्हणजे मतभेद हा मुद्दाम तयार करून विकताही येतो. ग्लायफोसेटच्या बाबतीत अमेरिकेतल्या खटल्यांमुळे २०१७ मध्ये बाहेर आलेल्या कागदपत्रांतून दिसलं की मोन्सॅन्टोच्या लोकांचा काही 'स्वतंत्र' म्हणवणाऱ्या आढाव्यांच्या लिखाणात हात होता. दुसरी बाजूही धुतल्या तांदळाची नाही: आयएआरसीच्या बैठकीला निमंत्रित तज्ज्ञ म्हणून बसलेल्या एका शास्त्रज्ञाने नंतर फिर्यादींच्या वकिलांसाठी मोबदला घेऊन सल्लागाराचं काम केलं.

म्हणून ज्या पुराव्यात कोणाचंच फार अडकलेलं नाही त्याला कागदावर जास्त वजन द्या. आणि मत देणाऱ्याचं पोट कशावर आहे ते विचारताना कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला आणि 'विषमुक्त' धान्य दुप्पट भावाने विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा.

पायरी ६: मतभेद किती जणांचा?

टीव्हीवर दोन खुर्च्या मांडल्या की वाद निम्मा-निम्मा दिसतो. लस आणि ऑटिझमचा 'वाद' १९९८ च्या, बारा मुलांवरच्या एका लेखातून पेटला. तो लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला. तिथे तज्ज्ञांचा मतभेद उरलेला नाही. ग्लायफोसेटचा वाद त्या जातीचा नाही. बहुतेक देशांच्या नियामक संस्था एका बाजूला आहेत आणि आयएआरसी दुसऱ्या, पण ती दुसरी बाजू कोणी हौशी नव्हे.

पायरी ७: ज्यावर वाद नाही ते आधी उरकून घ्या

माझ्या मते सगळ्या लेखाचा गाभा इथे आहे. कोणत्याही वादात दोन्ही बाजू ज्यावर सहमत आहेत अशी यादी करा. ती वादाच्या यादीपेक्षा लांब निघते, आणि माणसं मरतात ती बहुतेकदा त्या यादीतल्या गोष्टींमुळे.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. कर्करोगाचा यात संबंध नव्हता, ग्लायफोसेटचाही नव्हता. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, औषध अंगावर उडत होतं. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉससारखी जहाल कीटकनाशकं, एकात एक मिसळलेली. हातमोजे नाहीत, मास्क नाही, घामाने कातडीची छिद्रं उघडी. या औषधांच्या विषारीपणाबद्दल जगातल्या एकाही तज्ज्ञाचा मतभेद नव्हता आणि नाही. त्या काळात आणि नंतरही तावातावाची चर्चा मात्र बीटी आणि तणनाशकाच्या कर्करोगावर चालली.

तेव्हा बिनवादाची यादी अशी करा. डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. घट्ट औषध हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. ग्लायफोसेटच्या कर्करोगाबद्दल वाद असेल, पण त्याने डोळ्याला इजा होते यावर वाद नाही. मिश्रण स्वतःच्या मनाने करू नका. नोझल तारेने किंवा जुन्या दातघासणीने साफ करा. वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून फवारू नका. कपडे त्याच दिवशी वेगळे धुवा. औषध पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवू नका. आणि कोणाला त्रास झालाच तर दवाखान्यात जाताना रिकामा डबा आणि आतलं माहितीपत्रक बरोबर घ्या. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या औषधाच्या बाधेवर अ‍ॅट्रोपिन चालतं, सगळ्या विषांवर नाही. डॉक्टरांना नाव कळणं म्हणजे अर्धा वेळ वाचणं.

यातली एकही गोष्ट करायला आयएआरसी बरोबर की एफ्सा, हे ठरण्याची वाट बघावी लागत नाही. उद्या ग्लायफोसेट पूर्ण निर्दोष ठरलं तरी हातमोजे वाया जाणार नाहीत.

पायरी ८: चुकलो तर काय?

आता उरलेल्या, खऱ्या वादाकडे या. दोन्हीकडची चूक लिहून काढा. निर्धोक समजून वापरलं आणि धोका निघाला तर? घातक समजून सोडलं आणि निर्धोक निघालं तर? दुसऱ्या चुकीची किंमत शहरी माणूस नेहमी कमी धरतो: निंदणीची मजुरी, वेळेत न निघालेलं तण, घटलेलं पीक. पहिलीची किंमत शेतकरी कमी धरतो, कारण ती वीस वर्षांनी येते.

मग विचारा, कोणती चूक मागे घेता येते? एका हंगामाचं नुकसान भरून निघतं. कर्करोग किंवा वाणांचं वैविध्य तसं भरून निघत नाही. बीटी वांग्याचा निर्णय इथेच अडला होता. जालन्याच्या महिको कंपनीच्या वांग्याला १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या समितीची मंजुरी मिळाली. मग तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. वांग्याचं वैविध्य भारताचं, ते एकदा मिसळलं की परत वेगळं काढता येणार नाही, हा त्यातला एक मुद्दा होता. बांगलादेशाने २०१३ मध्ये त्याच तंत्राला परवानगी दिली. पुरावा बऱ्याच अंशी तोच. किती सावधगिरी पुरेशी आणि बियाणं कोणाच्या हातात असावं, याची उत्तरं वेगळी. अशा ठिकाणी 'शास्त्रज्ञ काय म्हणतात' असं विचारून उपयोग नाही. तो प्रश्न ग्रामसभेचा आणि विधानसभेचा आहे, आणि तिथे तुमचं मत शास्त्रज्ञाच्या मताइतकंच मोलाचं आहे.

स्वतःपुरता निर्णय घेताना कायदाही बघा. भारतात ग्लायफोसेटची मंजूर शिफारस चहाचे मळे आणि बिगरपीक जमिनीपुरती होती. उभ्या कपाशीत ते मारायचं तर चोरबीटीच लागते, आणि तिला मंजुरी नाही. म्हणजे त्या वापरासाठी ना शिफारशीचं प्रमाण मिळतं, ना बियाणं फसलं तर पक्कं बिल. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापरच कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. सध्याची स्थिती तालुका कृषी अधिकाऱ्याकडून विचारून घ्या, दुकानदाराकडून नको.

पायरी ९: निर्णयावर तारीख टाका

कागदाच्या तळाशी तीन ओळी लिहा: आज काय ठरवलं, कोणत्या कारणाने, आणि कोणती नवी गोष्ट कळली तर बदलेन. तिसरी ओळ सुचत नसेल तर सुरुवातीची स्वतःची तपासणी राहिली असं समजा. फवारणाऱ्यांवरच्या मोठ्या अभ्यासाचे पुढचे निकाल उलटे आले तर बदलेन, असं लिहिणं योग्य. 'अमुक नेत्याने सांगितलं तर' हे कारण नव्हे. युरोपीय संघाने ग्लायफोसेटचा परवाना २०२३ मध्ये दहा वर्षांसाठी वाढवला, तो डिसेंबर २०३३ मध्ये संपतो आणि तेव्हा सगळा पुरावा पुन्हा उघडावा लागेल. तेवढं थांबायची गरज नाही. दर हंगामाआधी बियाण्याची यादी करतानाच हा कागदही काढा आणि तिसरी ओळ वाचा.